गव्हावर टाकलेलं दळण

डिलाईल रोडच्या त्या चाळीत कोणी लक्ष्मी गुणाजी असं नाव घेऊन आलं, तर चारचौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. खानावळवाली मावशी म्हटलं, की जिन्यातलं मांजरसुद्धा दुसऱ्या माळ्यावर आणून सोडेल. खानावळ बंद होऊन जमाना लोटला. गिरण्या गेल्या, गिरण्यांतले बाप्ये गावी गेले, काही त्याच्याही पुढे गेले, नाव तेवढं मागे राहिलं.

एके काळी तिच्या त्या एका खोलीत पाळीप्रमाणे पंगती उठायच्या. सगळे कोकणातले, बायकापोरं गावाला ठेवून आलेले. कोणाला रस्सा वरचा लागतो, कोणाला तळाचा, कोण सोलकढी पिऊन वाटी पुसतो, हे तिला पाठ. एखाद्याने भात अर्ध्यावर टाकला तर ती विचारत बसायची नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढ्यात वेगळं काहीतरी मऊसूत यायचं, आणि तोही मुकाट जेवायचा. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी, कारण घरात पाळणा हलता होता. तरी पण आपल्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठला नाही, एवढा तोरा तिला होता, आणि तो तिला शोभायचाही.

अशा बाईच्या डोळ्यांदेखत, तिच्याच हातचं खाऊन, तिची नात वाळत चालली होती.

नात म्हणजे अनुजा. मावशीचा मुलगा वैभव लोअर परळला त्या काचेच्या इमारतीत सुपरवायझर, सून दर्शना दादरला साड्यांच्या दुकानात उभी. त्यामुळे पोर पाळण्यापासून आजीच्या ओच्यात वाढली. पहिल्या वाढदिवसाला अशी गुबगुबीत, की चाळीतल्या बायका येता-जाता गाल ओढायच्या. मग काय झालं कोणास ठाऊक. दंड काड्यांसारखे, पोट मात्र टरटरलेलं. सारखं तोंड आलेलं, सारखं पोट बिघडलेलं. शाळेत प्रार्थनेला बुटक्यापासून उंचापर्यंत रांग लावतात. बाकीच्या पोरी दरवर्षी मागे मागे सरकत गेल्या, अनुजा पुढेच राहिली. चौथीत गेली तरी नव्या येणाऱ्या बाई तिला सांगायच्या, बाळ, तू दुसरीच्या रांगेत जा ना.

जंतांचं औषध झालं, रक्त वाढायचं लाल औषध झालं. समोरच्या बिऱ्हाडाने दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसका सगळ्या माळ्याला लागला, पोरीला सोडून. आणि मावशीचं आपलं वेगळंच चालू. आजाऱ्याला भात जड, पाव हलका, हे तिचं गिरणीच्या काळापासूनचं शास्त्र. गुणाजीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, एकदा इस्पितळात ठेवला होता तेव्हा सकाळ-संध्याकाळ दूधपाव मिळायचा, हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. मोठे डॉक्टर वाईट कशाला देतील? म्हणून पोरीला दुधात कुस्करलेला पाव, चहात बुडवलेलं टोस्ट, रव्याची खिमट, शेवयांची खीर. जितकं पोट बिघडायचं तितका पाव वाढायचा.

मे महिन्यात सगळी गावाला जायची, कणकवलीच्या पुढे. तिथे सकाळी पेज, दुपारी भात, मधल्या वेळी घावणे, आणि पावाचं दुकान पार हमरस्त्यावर. महिन्याभरात पोरीच्या गालांवर कांती यायची. सगळे म्हणायचे, गावची हवा मानवली. मावशी तर छातीठोक म्हणायची, कारण तिच्या माहेरी हे आधी घडलेलं होतं. तिचा थोरला भाऊ उत्तम पंजाबकडे रस्त्याच्या कामावर गेला होता. तिथे दोन्ही वेळेला रोट्या. तो हाडांचं गाठोडं होऊन परतला, आणि घरी पेज पिऊन पिऊन पुन्हा नांगराला लागला. तेव्हाही हवाच म्हणाले होते. मुंबईच्या कोकणी माणसाला काही झालं की तो गावच्या हवेवर सगळं सोपवून मोकळा होतो. हवा बिचारी काही बोलत नाही.

वैभवने एका रविवारी विषय काढला. गावाला त्याचा चुलतभाऊ अजित होता, घर मोठं, शाळा जवळ. तो म्हणाला, हवा मानवते तर पोरीला तिथेच ठेवू या, शिकेल तिकडे. अजितने तर मास्तरांशी बोलूनही ठेवलं होतं.

दर्शनाने पिळलेला टॉवेल पुन्हा पिळला. मावशीला मान हलवावी लागली, कारण हवेचं घोडं इतकी वर्षं तिनेच नाचवलं होतं. पण त्या दिवसापासून ती पोरीची वेणी घालायला जास्त वेळ लावू लागली. गावाला हिची वेणी कोण घालणार, हा प्रश्न तिने कोणाला विचारला नाही.

जाण्याआधी एकदा परळच्या मोठ्या इस्पितळात दाखवू, असं दर्शनाने धरून ठेवलं. तिथल्या डॉक्टरबाई वयाने वैभवएवढ्या, आवाज हळू. त्यांनी रक्त तपासलं, मग पोरीला भूल देऊन नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला, आणि सांगितलं की हा गव्हाचा आजार आहे. सिलिअ‍ॅक म्हणतात. गहू, मैदा, रवा, पाव, बिस्कीट, सगळं बंद, जन्मभर.

मावशीला हसूच आलं. ती म्हणाली, "बाई, उभा देश गहू खातो."

डॉक्टरबाईंनी तिला खुळ्यात काढलं नाही. त्यांनी विचारलं, आजी, तुमचे मालक गिरणीत होते ना, सुटताना दारावर झडती व्हायची? मावशी म्हणाली, व्हायची तर. मग बाईंनी आपला तळहात पुढे केला.

"आपल्या अंगातही झडतीवाले असतात. आत येईल त्याचा तुकडा तळहातावर धरतात आणि शिपायांना दाखवतात, हे बघा, ओळखीचं की परकं. तो तळहात कसा घडायचा ते आईबापांकडून येतं. जीन म्हणतात त्याला. काही घराण्यांत त्याचा खळगा असा असतो, की गव्हाचा तुकडा त्यात नेमका बसतो. दुसऱ्यांच्या हातावरून तो घरंगळतो. हिच्या हातात बसला, शिपायांनी बघितला, त्यांना वाटलं चोर. आणि त्या धरपकडीत स्वतःच्याच आतड्याची मोडतोड झाली."

मावशीला हे कळलं. झडतीवाल्याने भलत्यालाच धरून ठोकलेलं तिने ऐकलं होतं, आणि त्यात कोणाची हाडं मोडतात हेही.

घरच्यांनीही तपासून घ्यावं, असं ठरलं. तिघांनी रक्त दिलं. वैभवचा कागद आला: तो खळगा त्याच्याकडे होता. मावशीकडेही. दर्शना कधी उलट बोलणारी नाही, पण त्या संध्याकाळी भांडी जरा जोरात लागली आणि ती म्हणाली की असं असेल तर हे तुमच्याकडचंच आहे, आई. नातीला आपण काय काय दिलं याचा मावशी मनात हिशोब करत होती, नाक, दाट केस, हट्ट, आणि आता हे. दोन दिवसांनी दर्शनाचा कागद आला. तिच्याकडेही खळगा होता. लग्न ठरवताना दोन्ही घरांनी पत्रिका बघितली, देवक बघितलं, वरळीच्या बीडीडी चाळीत माणसं पाठवून मुलीच्या मामांचं पिणं बघितलं. हे कोणाला बघायचं सुचलं नव्हतं. दर्शनाने तो कागद मावशीच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "घ्या. दोन्हीकडचा आहेर." मग दोघींना हसायला आलं, म्हणजे रडण्याच्या जरा अलीकडे.

मावशीने पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन विचारलं, की माझ्याकडे आहे तर मी कशी धडधाकट? बाई म्हणाल्या, हा खळगा कितीतरी लोकांकडे असतो, या बाहेरच्या बाकड्यावर बसल्यात त्यांतल्या बऱ्याच जणींकडे निघेल. बहुतेकांना जन्मात काही होत नाही. खळग्याशिवाय हा आजार होत नाही, पण खळगा असला म्हणून झालाच पाहिजे असंही नाही. आणखी काहीतरी लागतं, आणि ते काय, हे अजून आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. आणि गहू तर लागतोच. मावशीने भावाची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, त्यांना हेच होतं असं आता न तपासता नाही सांगता येणार. पण पेजेत गहू नसतो, आजी.

घरी येईपर्यंत मावशी तेच मनात घोळवत होती. वर्षानुवर्षं हवेला हात जोडले, आणि काम करत होती पेज.

मग घर बदललं. पाव आला तर दाराबाहेर. अनुजाचा तवा वेगळा, डबा वेगळा, आणि मावशीने आपणहून स्वतःचं टोस्टही सोडलं. पोरीच्या शाळेच्या डब्यात तांदळाची भाकरी. मऊ, पांढरीशुभ्र, चार घड्या घातली तरी न मोडणारी. वैभवने गावाला कळवलं, जरा थांबू या. तो थांबू या म्हणाला, नको म्हणाला नाही. बाईंनी सांगितलं होतं, रक्तात त्या शिपायांचा एक आकडा दिसतो, गहू सुटला की तो उतरायला लागतो. आकडा उतरला आणि पोर भरली तर प्रश्नच मिटला. नाहीतर गाव होतंच.

पोटाचं जरा बरं झालं, पण पोर भरेना. पुढची तपासणी झाली तेव्हा आकडा थोडा खाली येऊन तिथेच बसलेला. बाई म्हणाल्या, कुठूनतरी गहू पोटात जातोय, थोडाच, पण रोज.

घरात कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. पण मावशीने बघितलं, दर्शनाने मोठ्यांच्या चहाबरोबरचा बिस्किटांचा डबा पोटमाळ्यावर नेऊन ठेवला, जिथे मावशीचा हात पोचत नाही. आणि एकदा मोरीत पाणी भरताना तिने ऐकलं, दर्शना पोरीला अगदी प्रेमाने विचारत होती, की आजी कधी हळूच काही देते का गं, मी नाही ओरडणार. अनुजा म्हणाली, नाही. दर्शनाने पुन्हा विचारलं. अनुजा पुन्हा नाही म्हणाली.

कळशी भरून वाहिली तरी मावशीचं लक्ष नव्हतं.

त्या रात्रीपासून तिने पोरीला वाढणं सोडलं. भांडली नाही, रुसली असंही दाखवलं नाही. गुडघे दुखतात म्हणून कॉटवर बसून राहायची, हात मांडीत. अख्ख्या गिरणगावाला वाढलेले ते हात. अनुजाने ताटावरून विचारलं, "आजी, तू नाय वाढत?" तर म्हणाली, "आईच्या हातचा खा गो बाये, आईक बरा वाटता." हे दर्शनाला ऐकू गेलं, आणि तिलाही तो घास गोड लागला नसणार.

इस्पितळात तेजस्वी नावाची एक पोरगेली बाई होती, आहार सांगायची. तिने तिघींना बसवून सकाळपासून रात्रीपर्यंत पोर काय खाते ते विचारायला घेतलं. हिंग कोणता? त्यात मैदा असतो म्हणून तो कधीच बंद केलेला. मसाला? घरचा. भाकरी कशाची? मावशी आतापर्यंत खाली बघत होती. भाकरीचं नाव निघाल्यावर मात्र मान वर झाली. तिथे तिला कोणी हरवू शकत नव्हतं. तिने सांगितलं, गावचा तांदूळ, स्वतः निवडलेला, धुऊन सावलीत वाळवलेला. दळायला चाळीखालच्या मनूच्या चक्कीवर. आणि तिथेही काळजी किती, तर नाचणीवर नाही, बाजरीवर नाही, नाहीतर पीठ काळं पडतं, भाकरीला कच येते.

तेजस्वीने विचारलं, मग कशावर टाकता?

"गव्हावर," मावशी म्हणाली. "मी ताकीदच दिलीय मनूला. पोरीचं दळण आहे, गव्हावरच टाक. पांढरं राहतं."

दळण टाकायचा रिवाज सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. आधीच्याचं मूठभर आपल्या डब्यात येतं, आपलं मूठभर मागच्याच्या डब्यात जातं, आणि त्यावरून आजवर कुणी भांडलेलं नाही. चक्कीच्या दगडात राहिलेला कुणाच्यातरी गव्हाचा तो भुगा, मावशीच्या खास सांगण्यावरून, दर आठवड्याला अनुजाच्या पिठात उतरत होता. दुसऱ्या कोणा पोरीला त्याने काही झालं नसतं.

मावशीला हे समजायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा असा झाला, की तेजस्वीने पाण्याचा ग्लास पुढे केला. मावशी म्हणाली, "म्हणजे मीच."

दर्शनाने तिच्या मांडीवरचा हात धरला. "आई, पिशवी मी न्यायचे. तुम्ही सांगितलं, मी नेलं. मनूने चुकून एकदा तांदळावर टाकलं तर मी त्याच्याशी भांडून आले, की आमच्याकडे गव्हावरचंच लागतं." एवढं बोलून तिचा आवाज फुटला. "आणि डबा वर ठेवला, ते मी वाईट केलं."

"ठेवलास ता बरा केलास," मावशी म्हणाली. "माझ्या मनात दोनदा इला होता, एक बिस्कीट दिलंय तर काय होता. दिलंय नाय. पण इला होता."

मनूच्या चक्कीवर तांदूळ जायचा बंद झाला. दर्शनाने मिक्सरचं नवं भांडं आणलं, नवी चाळण आणली, आणि सकाळी कामाला जायच्या आधी घर्रर्र करत बसायची. पीठ चक्कीसारखं होईना. भाकरी थापताना कडेला फुटायची, तव्यावर पापुद्रा धरायची नाही. आणि मावशी काही परातीला हात लावेना. लांबून सांगायची, पाण्याला अजून आधण येऊ दे, उकड चांगली मळ, पण उठायची नाही. तिला आपल्याच हातांची धास्ती बसली होती. त्या हातांनी काय दिलं आणि काय नाही, याची तिला खात्रीच उरली नव्हती.

असे बरेच दिवस गेल्यावर दर्शनाने एका सकाळी परात उचलली आणि कॉटवर मावशीच्या पुढ्यात आणून ठेवली. वाफ येत होती.

"माझी भाकरी डब्यात मोडते. ती अर्धी घेऊन परत येते. तुम्ही करा."

"आणि परत काय गेला पोटात तर?"

"तर दोघींच्या हातून जाईल. बसा खाली."

मावशी बसली. पहिली भाकरी वाकडी थापली गेली, दुसरी जरा बरी. तिसरी तव्यावर टम्म फुगली तेव्हा अनुजा दात घासता घासता आली आणि तोंडातल्या फेसासकट म्हणाली की आज डब्यात ही द्या, आईची नको. दर्शनाने तिला लटका धपाटा घातला. मावशीने भाकरी उलटली आणि सुनेकडे बघायचं टाळलं, कारण तिला हसू आवरत नव्हतं, आणि सुनेच्या भाकरीवर हसणं काही बरं नव्हे.

पुढच्या तपासणीला आकडा उतरला. त्याच्या पुढच्याला आणखी उतरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाट बरोबर आहे, आता सोडू नका. हे बरं होऊन विसरायचं दुखणं नव्हे, सांभाळून सोबत न्यायचं आहे. तो खळगा तसाच राहणार; आपण फक्त त्यात काही पडू द्यायचं नाही. मावशीने हे शेवटचं वाक्य घरी येऊन सगळ्या माळ्याला आपलंच म्हणून सांगितलं. चाळीत वाढदिवस असला की आता केकचा तुकडा घेऊन येणाऱ्याला ती दारातच अडवते, आणि वाईट वाटू नये म्हणून स्वतःच खाते. डॉक्टरांनी तिला मना केलेलं नाही.

राहता राहिला अजित. गावाला त्याने पोरीसाठी माडीवरची खोली सारवून घेतली होती. वैभव रोज म्हणायचा फोन करतो, आणि रोज दुसरं काही काम निघायचं. इतकं मायेने केलेलं नाकारायचं कसं. शेवटी मावशीनेच फोन मागून घेतला. अजितने पहिलं वाक्य तेच काढलं, काकी, चेडवाक पाठव, हयची हवा तिका मानवता. मावशीने त्याचं सगळं ऐकून घेतलं. खोलीला कुठला रंग दिला तेही ऐकलं. मग म्हणाली, हवा चांगलीच आहे रे बाबा, पण आमच्याकडे आता पेज सापडली आहे.

अजितला काही उमगलं नाही. त्याने विचारलं, म्हणजे धाडणार कधी?

"मे महिन्यात," मावशी म्हणाली. "महिनाभर. आणि मी असणार बरोबर. शाळा हयसरच."

अजित म्हणाला, बरं, तर खोलीत खाट दोघींना पुरेल अशी टाकतो.